आरएफआयडी टॅग : रचनेतील शोध

आरएफआयडी टॅग म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखपट्टी. एक चिप, तिला जोडलेला अँटेना आणि दोघांना धरून ठेवणारा कागद, प्लास्टिक, काच किंवा सिरॅमिकचा आधार, एवढाच तिचा संसार. बहुसंख्य टॅगमध्ये बॅटरी नसते. समोरच्या रीडरने सोडलेल्या लहरींतूनच टॅग चिपपुरती वीज काढतो आणि त्याच लहरींत फेरफार करून आपला क्रमांक परत पाठवतो. टॅगच्या रचनेतील शोध म्हटले की डोळ्यांसमोर चिप येते. प्रत्यक्षात खरी कल्पकता खर्ची पडली ती अँटेना कसा वळवावा, तो चिपला कसा जोडावा आणि टॅग ज्या वस्तूवर चिकटणार तिच्याशी कसे जमवून घ्यावे, या तीन गोष्टींत.

नागपूरकराच्या हाताशी असलेला नमुना म्हणजे गाडीच्या काचेवरचा फास्टॅग. रद्द झालेला टॅग काचेवरून सोलून उन्हाकडे धरला, तर कागदाआड धातूची चंदेरी नक्षी दिसते. मधोमध एक छोटे बंद कडे, त्या कड्याच्या एका बाजूवर मिलिमीटरहून लहान काळा ठिपका आणि कड्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले दोन बाहू. ठिपका ही चिप, बाकीचा सगळा अँटेना. सोलताना ही नक्षी बहुधा फाटलेलीच हाती येते. तो टॅग हलक्या प्रतीचा म्हणून नव्हे. फाटावा अशाच बेताने तो केलेला असतो.

पूर्वेतिहास. परावर्तित लहरींतून संदेश धाडण्याची कल्पना चिपपेक्षा जुनी आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोतील अमेरिकन राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना एक कोरीव लाकडी राजमुद्रा भेट देण्यात आली. सोव्हिएत संशोधक लेव्ह तेरेमिन यांनी बनवलेले एक ध्वनिग्राहक उपकरण तिच्या पोटात दडवले होते. त्यात ना बॅटरी होती ना तारा. बाहेरून रेडिओ लहरींचा झोत सोडला की खोलीतल्या बोलण्याने थरथरणारा पडदा परावर्तित लहरी बदलत असे. १९५२ पर्यंत ते कुणाच्या लक्षात आले नाही. हेरगिरीची ही वस्तू ओळखपट्टी नव्हती, पण आजच्या टॅगचे मूळ तत्त्व तिच्यात पुरते होते. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संदेशवहन या विषयावर शोधनिबंध लिहिला आणि व्यवहारात ते आणायला अजून बरेच संशोधन लागेल, हेही त्यातच नमूद केले. ट्रान्झिस्टर नुकताच जन्मला होता. एकात्मिक मंडल, म्हणजे आजची चिप, यायला दहा वर्षे होती.

१९६० च्या दशकात दुकानांतील चोरी रोखणारे टॅग आले. त्यांना क्रमांक नव्हता. 'आहे' किंवा 'नाही' एवढेच त्यांना सांगता येई. स्मृती असलेल्या, बॅटरीविना चालणाऱ्या टॅगचे पेटंट मारिओ कार्डुलो यांना जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेत मिळाले. त्याच वर्षी चार्ल्स वॉल्टन यांना कार्डाने दार उघडणाऱ्या पद्धतीचे पेटंट मिळाले. १९७५ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील कोएल, डेप आणि फ्रेमन यांनी टॅगच्या अँटेनावरचा भार बदलून परावर्तन कमीजास्त करण्याची रीत प्रसिद्ध केली. आरशाने कवडसा पाडून तो हलवत खुणा कराव्यात, तसा हा प्रकार आहे : प्रकाश दुसऱ्याचा, खुणा आपल्या. टॅग स्वतः लहरी निर्माण करत नाही, म्हणूनच त्याला मायक्रोवॅटवर भागवता येते. या आद्य पेटंटांची मुदत केव्हाच संपली. मूळ कल्पना सर्वांना खुली आहे आणि तेव्हापासूनचे शोध तपशिलांतले आहेत. तपशील म्हणून त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. टॅग स्वस्त आणि भरवशाचा झाला तो त्यांच्यामुळेच.

वारंवारता. टॅगचे रूप ठरते ते वारंवारतेवरून. १२५ ते १३४ किलोहर्ट्झचे टॅग तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यावर चालतात, काही सेंटिमीटरवरून वाचले जातात आणि पाणी-मांसाला दाद देत नाहीत. जनावरांच्या कातडीखाली घालायच्या काचेच्या कुप्या याच जातीच्या. १३.५६ मेगाहर्ट्झवर बँकेची टॅप-कार्डे, ई-पासपोर्ट आणि माझी मेट्रोचे महाकार्ड चालते. इथे अँटेना म्हणजे कार्डाच्या कडेकडेने फिरणारे काही वेढे. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झचे, म्हणजे यूएचएफ टॅग काही मीटरवरून वाचता येतात. भारतात २००५ मध्ये यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. अमेरिकेचा पट्टा ९०२ ते ९२८ चा आहे.

विदर्भात याबाबत दोन गैरसमज हमखास आढळतात. ताडोबा किंवा पेंचच्या वाघाच्या गळ्यातली रेडिओ कॉलर हा आरएफआयडी टॅग नव्हे. तिच्यात बॅटरी असते आणि ती स्वतः लहरी सोडते. गायी-म्हशींच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्लाही आरएफआयडी नव्हे. त्यावर अंक आणि बारकोड छापलेला असतो, इतकेच.

अँटेनाची रचना. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा साधा द्विध्रुव अँटेना सव्वासतरा सेंटिमीटरचा व्हायला हवा. काचेवरची पट्टी मात्र दहा सेंटिमीटरच्या आसपास. या तफावतीतून शोधांची एक मोठी शाखा फुटली. पट्टी नागमोडी वळवली की तेवढ्याच जागेत विजेची वाट लांबते. टोके रुंद केली की अनुनादाची वारंवारता, म्हणजे अँटेना जिला सर्वांत जोमाने दाद देतो ती, आणखी खाली येते. दोन्ही उपायांची किंमत मोजावी लागते. अँटेना जितका आखडावा, तितका त्याचा वारंवारतेचा पट्टा अरुंद होतो आणि कार्यक्षमता घटते. कोणत्या वळणावर थांबायचे, हा निर्णय म्हणजेच बऱ्याच पेटंटांचा गाभा.

दुसरा प्रश्न जुळणीचा. टॅगची चिप वीजमंडलाच्या भाषेत कपॅसिटरसारखी वागते. तिला पूर्ण शक्ती पोचवायची, तर अँटेनाने नेमके उलटे, म्हणजे कॉइलसारखे, वागले पाहिजे. फास्टॅगच्या मधले ते बंद कडे याच कामासाठी असते. कड्याचा घेर थोडा वाढवला-घटवला की जुळणी बदलते आणि दोन्ही बाहू तसेच ठेवता येतात. पुढची पायरी म्हणजे कडे बाहूंना जोडायचेच नाही, नुसते जवळ ठेवायचे. चुंबकीय क्षेत्रातून शक्ती पलीकडे जाते. धुलाईच्या कपड्यांत शिवायचे टॅग असे करतात. चिप आणि कडे एका छोट्या बंद गोळीत, अँटेना म्हणजे कापडात शिवलेली धातूची तार. कपडा पिळला तरी चिपशी जोडलेला सांधाच नसल्यामुळे तुटायला काही उरत नाही. माझ्या मते टॅग-रचनेतला सर्वांत देखणा शोध हाच.

चिप. ४ वॅट परिणामी शक्तीच्या (म्हणजे अँटेनाने एका दिशेला एकवटल्याचा लाभ धरून मोजलेल्या शक्तीच्या) रीडरपासून खुल्या हवेत दहा मीटरवर टॅगच्या वाट्याला जेमतेम ३० मायक्रोवॅट येतात. वीसेक वर्षांपूर्वीच्या चिपला जागे व्हायलाच याहून जास्त लागे. आजच्या चांगल्या चिपचे चार-पाच मायक्रोवॅटवर भागते. येणारा व्होल्टेज तुटपुंजा असल्याने तो डायोड-कपॅसिटरच्या साखळीने पायरीपायरीने चढवतात. जॉन डिक्सन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या मंडलाची ही वंशावळ. २००४ च्या अखेरीस यूएचएफ टॅग आणि रीडर यांच्या संवादाचे जेन-२ हे मानक ठरले आणि फास्टॅगही त्याच मानकाचा आहे. हिताचीने २००१ मध्ये जाहीर केलेली म्यू-चिप ०.४ मिलिमीटर चौरस होती. इतक्या लहान चिपा उचलून अँटेनावर बसवणे हाच मग खर्चाचा मुद्दा झाला. त्यावर एलियन टेक्नॉलॉजी या कंपनीने चिपा द्रवात सोडून, आधारावरच्या खाचांत त्या आपोआप बसवण्याची पद्धत काढली. चिप आधी मोठ्या टोकांच्या पट्टीवर लावायची आणि मग ती पट्टी अँटेनावर, असाही मार्ग निघाला.

पृष्ठभागाशी झुंज. टॅग हवेत तरंगत नसतो. काचेवर चिकटवला की त्याची अनुनादी वारंवारता खाली सरकते. म्हणून फास्टॅगचा अँटेना काच गृहीत धरूनच आखतात. काचेवर बसला की तो ८६६ च्या आसपास येतो. काही चालक टॅग न चिकटवता टोलनाक्यावर हातात धरून दाखवतात. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे ठरवले. त्यामागचे कारण गैरवापर आणि खोळंबा हे असले, तरी रेडिओच्या हिशेबानेही निर्णय योग्यच आहे; तळहातातले पाणी अँटेनाची जुळणी पार बिघडवते. उष्णतारोधक धातूचा मुलामा असलेल्या काचा हा वेगळाच अडथळा. त्यांत आरशाजवळ मुलाम्याविना एक खिडकी ठेवलेली असते आणि टॅग तिथेच लावावा लागतो. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलेल्या गाडीचा पथकर अंतरावर ठरतो. आत शिरताना आणि बाहेर पडताना अशा दोन्ही वेळी टॅग वाचला गेला तरच तो हिशेब बरोबर लागतो.

धातू हा त्याहून कठीण शत्रू. धातूच्या पत्र्यावर साधा टॅग ठेवला की पत्र्यात उलट दिशेचा प्रवाह उठतो आणि अँटेनाचे काम जवळजवळ शून्यावर येते. उपाय तीन प्रकारचे : मध्ये फोमचा थर घालून टॅग उचलून धरणे, पत्र्यालाच अँटेनाचा अर्धा भाग बनवणारा पॅच अँटेना वापरणे, किंवा १३.५६ मेगाहर्ट्झला फेराइटची (चुंबकीय सिरॅमिकची) चकती खाली घालून क्षेत्ररेषा वळवणे. दुसरा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्यात शत्रूलाच कामाला लावले आहे. त्यावर बेतलेले जाड, खिळ्या-रिव्हेटने ठोकायचे टॅग रेल्वेच्या वाघिणी, कंटेनर आणि यंत्रांवर दिसतात. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या) वजनकाट्यांवर कोळशाचे ट्रक ओळखतानाही सगळा पसारा लोखंडाचाच, त्यात कोळशाची धूळ. काच हीच तिथली त्यातल्या त्यात बरी जागा. रेल्वेच्या टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेत रुळांच्या मधे स्लीपरवर टॅग बसवतात आणि इंजिनाच्या पोटाखालचा रीडर ते धावत्या गाडीतून वाचून आपण नेमके कुठे आहोत ते जाणतो. दोन्हीकडे लोखंडी रूळ, वर ऊन, पाऊस आणि खडी; इथे टॅगच्या कवचाची रचना अँटेनाइतकीच महत्त्वाची ठरते.

पाण्याचे दुखणे वेगळे. पाणी यूएचएफ लहरी शोषून घेते. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या क्रेटला टॅग लावायचा म्हटले, तर फळांच्या मधोमध अडकलेला टॅग वाचला जाणार नाही. तो क्रेटच्या बाहेरच्या कडेला, फळांपासून बोटभर दूर हवा. क्रेट एकावर एक रचले की आतल्या थप्पीचे टॅग तरीही दबतात. जागा कुठली निवडावी, हा इथे अँटेनापेक्षा मोठा प्रश्न आहे.

फाटणे आणि गप्प होणे. काचेवरचा टॅग काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून आधाराला बारीक काप देतात आणि गोंद असा घालतात की सोलताना अँटेना तुटावा. विक्रीच्या मालावर याच्या उलट गरज असते : ग्राहकाने वस्तू घरी नेल्यावर टॅगने बोलू नये. जेन-२ मध्ये ३२ बिटांच्या संकेतशब्दाने टॅग कायमचा मारण्याची आज्ञा आहे, पण तो खरेच मेला का, हे ग्राहकाला दिसत नाही. आयबीएमच्या ग्युंटर कार्योट आणि पॉल मॉस्कोविट्झ यांनी २००५ मध्ये सुचवलेला टॅग तिकिटासारखा फाडता येतो. अँटेनाचा मोठा भाग हातात येतो, उरलेला तुकडा अगदी जवळून तेवढा वाचता येतो. पासवर्डपेक्षा ही युक्ती सरस आहे, कारण फाडलेला तुकडा डोळ्यांना दिसतो.

चिपच नसलेले टॅगही आहेत. काहींत स्फटिकाच्या पृष्ठभागावर ध्वनिलहरी धावतात आणि ठरावीक अंतरावरच्या परावर्तकांवरून परतताना क्रमांक सांगतात. काहींत वेगवेगळ्या वारंवारतांना दाद देणाऱ्या धातूच्या आकृत्या छापलेल्या असतात. त्यांत फार थोडी माहिती मावते.

पेटंट आणि नागपूर. पेटंट माहिती प्रणाली ही केंद्र सरकारची संस्था नागपुरात १९७५ पासून आहे आणि राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाही सिव्हिल लाइन्स भागातच. भारतात टॅगच्या रचनेला तीन कायदे लागू पडू शकतात. अँटेनाची जुळणी, धातूवरचा थर, फाटण्याची योजना यांना पेटंट, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. चिपमधील मंडलाच्या मांडणीला २००० च्या मांडणी-अभिकल्प कायद्याने १० वर्षे. बाह्यरूपाला डिझाइन कायदा; पण तो नजरेला भावणाऱ्या रूपापुरता असल्याने कामासाठीच नागमोडी झालेल्या अँटेनाला त्याचा उपयोग बेताचाच. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्राम आणि व्यवसाय-पद्धतींना पेटंट मिळत नाही. 'टॅग लावून हजेरी घेणे' किंवा 'टॅग लावून धान्य मोजणे' अशा अर्जांची गाडी तिथेच अडते. तेच काम करणाऱ्या टॅगची भौतिक रचना नवी असेल, तर या कलमाची आडकाठी येत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प बहुधा पहिल्या प्रकारात मोडतात.

जुने शोध धुंडाळताना नुसता 'आरएफआयडी' शब्द टाकून भागत नाही. १९८० च्या आधीच्या कागदपत्रांत तो सहसा सापडत नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चिप आणि अँटेना आधारावर बसवण्याच्या रचना जी०६के १९/०७७ खाली येतात, अँटेना एच०१क्यू खाली, दुकानातील चोरीविरोधी टॅग जी०८बी १३/२४ खाली. धातूवरच्या टॅगचे शोध पहिल्या दोन्हींत विखुरलेले असतात, तेव्हा दोन्ही वर्ग चाळावे लागतात.