गप्प बसवणारी गोळी? छे, जागं करणारी!

मुलाला एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ आणि उतावळेपणा यांचा विकार) गोळी सुरू झाली की घरातल्या आजीचा प्रश्न ठरलेला असतो: "पोराक झोपेची गोळी देतत काय गो?" तोवर मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढून झालेली असते, देवळात गाऱ्हाणं घालून झालेलं असतं आणि बाईंचे लाल शेरे वहीभर पडलेले असतात. पण या गोळीतलं नेहमीचं औषध, मेथिलफेनिडेट, हे झोपेचं औषध नव्हेच. ते उत्तेजक, म्हणजे मेंदूला जागं करणारं आहे. आधीच वारा प्यायलेल्या वासरासारख्या पोराला वर उत्तेजक द्यायचं म्हटल्यावर डॉक्टरचाच संशय यायचा!

कपाळामागचा मेंदूचा भाग हातातलं काम धरून ठेवतो, मनात आलेली उडी आवरतो. त्याचं काम डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन या दोन रसायनांवर बरंच अवलंबून असतं. चेतापेशी ही रसायनं सोडतात आणि लगेच परत आत ओढून घेतात. मेथिलफेनिडेट हा परतीचा रस्ता अडवतं, त्यामुळे ती दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहतात. मेंदूवर संशोधन करणाऱ्या नोरा व्होल्कोव यांच्या गटाने २००४ साली निरोगी प्रौढांना ही गोळी देऊन गणितं सोडवायला लावली. मेंदूतलं डोपामिन वाढलं आणि गणितं त्यांना जास्त रंजक वाटली. म्हणजे गोळीने पोर हुशार होत नाही, पण रटाळ कामात त्याचं मन थोडं रमतं. खिडकीबाहेर आंब्यावर वांदर नाचत असतानाही नजर फळ्यावर राहते, ती गुंगीमुळे नाही.

अमेरिकेत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली वागण्याच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. पुढे कित्येक वर्षं असा समज होता की अशा मुलांच्या मेंदूत औषध उलटं चालतं, चेतवायच्या ऐवजी शांत करतं. १९७८ साली मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी तशाच जातीचं औषध निरोगी मुलग्यांना दिलं. तेही कमी चुळबुळ करू लागले, त्यांचंही लक्ष सुधारलं. तेव्हा "गोळी लागू पडली, म्हणजे एडीएचडीच" हे म्हणणं साफ चूक आहे. शेजारच्या मुलाची गोळी उसनी आणून "बघूया तरी" करणाऱ्यांना हे जरा मोठ्याने सांगायला हवं. निदान होतं ते घरची आणि शाळेची हकिकत नीट ऐकून, आणि ही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का, हे पाहून.

साधी गोळी तीन-चार तास चालते, हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास. असर उतरताना पोर चिडचिडं होऊ शकतं. उशिरा घेतली तर झोप उडते. पण आईच्या डोळ्यांत खुपतं ते भुकेचं. दुपारी डबा जसाच्या तसा परत येतो, आणि रात्री नऊला तेच पोर बांगड्याच्या तिखल्यावर दुसऱ्यांदा भात मागतं. त्याला रागावण्यात अर्थ नाही, भूक खरोखरच मेलेली असते. उपाय सोपा आहे: दहाची उकड्या तांदळाची पेज सकाळी लवकर, गोळीच्या आधी द्यायची आणि रात्रीचं जेवण भरपेट ठेवायचं. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब अधूनमधून तपासायला हवेत, कारण उंचीची वाढ किंचित मंदावू शकते. घरात कोणाला हृदयविकार असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

सगळ्यांना हे औषध मानवतं असंही नाही. मग अॅटोमोक्सेटिनसारखं उत्तेजक नसलेलं औषध दिलं जातं. त्याचा गुण दिसायला मात्र काही आठवडे जातात, आणि तेवढ्यात "काय उपेग नाय" म्हणून ते सोडून देणारेही आहेत.

मेथिलफेनिडेट अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि गावातल्या दुकानात ते असेलच असं नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडून कोल्हापूरला किंवा गोव्याला खेप घालणाऱ्यांनी पावसाळ्यात घाट बंद पडायच्या आधीच पुढची चिठ्ठी मागून घ्यावी.