काठावरची मुलं आणि वॉशिंग्टनची मोजपट्टी

२००५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या परीक्षेत चौथीची ८९ टक्के मुलं वाचनात ‘प्रवीण’ ठरली. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या ‘नेप’ (नॅशनल असेसमेंट ऑफ एज्युकेशनल प्रोग्रेस) या पाहणीने याच राज्यातल्या चौथीच्या मुलांचं वाचन तपासलं, तेव्हा हा आकडा निघाला १८ टक्के. केंद्राची ‘प्रवीण’ पातळी मुळातच अवघड असते हे खरं, पण एवढी मोठी तफावत काही तेवढ्याने भरून निघत नाही.

मिसिसिपीने कायदा मोडला नव्हता. २०१४ पर्यंत प्रत्येक मूल प्रवीण झालंच पाहिजे, असं केंद्राने २००२ च्या कायद्याने राज्यांना बजावलं होतं. मात्र प्रवीण म्हणजे किती मार्क, हे ठरवायचं राज्यांवरच सोडलं होतं. शाळा मागे पडली तर कारवाई होणार आणि पासाची रेघ ओढणार आपणच, असं म्हटल्यावर ती रेघ कुठे ओढली जाणार हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. शाळा राज्यांच्या आणि स्थानिक मंडळांच्या अखत्यारीत येतात. शालेय खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, त्यामुळे वॉशिंग्टनला शाळांना थेट हुकूम सोडता येत नाही. पैसे देताना अटी घालायच्या, एवढंच त्याच्या हातात. ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या जुन्या एकखोली शाळेसमोर बसून शिक्षण कायद्यावर सही केली, तेव्हा त्यांच्या पहिल्या शिक्षिका शेजारी होत्या. गरीब वस्त्यांतल्या शाळांना केंद्राचे पैसे मोठ्या प्रमाणावर मिळू लागले ते तेव्हापासून. त्या पैशाने मुलं नेमकी किती शिकली, हा प्रश्न मात्र बरीच वर्षं कुणी नेटाने विचारला नाही.

तो विचारला ८ जानेवारी २००२ रोजी जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, हायस्कूलमध्ये आणखी एकदा. किमान ९५ टक्के मुलं परीक्षेला बसलीच पाहिजेत. आणि माझ्या मते सर्वांत मोलाची अट अशी, की शाळेची नुसती सरासरी दाखवून चालणार नाही. कृष्णवर्णीय, लॅटिनो, गरीब घरची, अपंगत्व असलेली, इंग्रजी नव्याने शिकणारी अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा द्यायचा. चांगल्या सरासरीच्या आड दडलेली मुलं यामुळे पहिल्यांदा देशभर कागदावर आली. या कायद्यावर पुढे जी टीका झाली ती मला बहुतांशी पटते, पण ही एक अट त्यातून बाजूला काढून जपावी असंच मला वाटतं.

गडबड होती ती मापात. शाळेचं यश ठरत होतं एकाच आकड्यावर: किती टक्के मुलांनी रेघ ओलांडली. आता शिक्षकाच्या जागी बसून विचार करा. रेघेच्या बरंच वर असलेलं मूल आणखी पुढे गेलं तरी शाळेच्या खात्यात काही जमा होत नाही. खूप खाली असलेलं मूल वर्षभर घाम गाळून अर्धं अंतर चढलं, तरी खातं रिकामंच. फायदा होतो तो फक्त काठावरची मुलं पलीकडे गेली की. शिकागोच्या पाचवीतल्या मुलांचे निकाल डेरेक नील आणि डायान शान्झेनबाख या अर्थतज्ज्ञांनी तपासले, तेव्हा नेमकं हेच दिसलं. मधल्या मुलांचे गुण वाढले होते. अगदी तळातल्या मुलांना मात्र काहीच लाभ झाला नव्हता. कायद्याच्या नावात ज्यांना मागे न सोडण्याचं वचन होतं, तीच मुलं मागे राहिली.

दुसरी अडचण आहे निव्वळ संख्याशास्त्राची. समजा एका शाळेत चौथीचा पट ६० आहे आणि त्यातली निम्मी मुलं प्रवीण ठरतात. पुढच्या वर्षी चौथीत वेगळीच ६० मुलं असतात. शिक्षक तेच, पुस्तकं तीच, शिकवणंही तेच, तरी केवळ मुलं वेगळी असल्यामुळे निकाल नऊ-एक टक्क्यांनी खाली-वर होणं अगदी स्वाभाविक आहे. गट १५ मुलांचा असेल तर हा चढउतार १८ टक्क्यांवर जातो. शाळांच्या निकालांच्या यादीत अगदी वर आणि अगदी खाली लहान शाळांची नावं वारंवार दिसतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी ही गोष्ट आकडेवारीनिशी मांडली होती. एका वर्षी बक्षीस आणि दुसऱ्या वर्षी नोटीस, तेही शाळेत काहीच न बदलता! यावर उपाय म्हणून राज्यांनी गटासाठी किमान संख्या ठरवली. त्याहून लहान गट मोजायचाच नाही. पण मग ज्या शाळेत एखाद्या गटाची दहा-बाराच मुलं आहेत, तिथे ती मुलं हिशेबातून पुन्हा गायब होतात. हा पेच आजही सुटलेला नाही.

आणि दबाव असह्य झाला की माणसं काय करतात, ते अटलांटा शहरातल्या शाळांत दिसलं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या स्कॅनरला खोडलेल्या उत्तराच्या गोळ्याची पुसट खूण दिसते. मुलंही उत्तरं खोडतात, पण त्यांची खाडाखोड दोन्ही दिशांना होते, कधी चुकीचं बरोबर तर कधी बरोबरचं चुकीचं. काही वर्गांत मात्र चुकीचं खोडून बरोबर केलेल्या उत्तरांचं प्रमाण इतकं निघालं, की योगायोगाने ते होणं जवळपास अशक्य; म्हणजे उत्तरं मोठ्यांनीच बदलली होती. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली आणि २०१५ साली ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच इशारा दिला होता, की एखाद्या आकड्यावर मोठे निर्णय अवलंबून ठेवले की तो आकडाही बिघडतो आणि ज्याचं मोजमाप करायचं ते कामही.

लबाडी न करताही आकडा फुगतो. परीक्षांचे अभ्यासक डॅनियल कोरेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडलेला एक अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे. एका मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाने, परीक्षा बदलली, तेव्हा गुण घसरले. काही वर्षांत नव्या परीक्षेची सवय झाली आणि गुण पुन्हा पहिल्या पातळीवर आले. तेव्हा संशोधकांनी काही मुलांना जुनीच परीक्षा दिली, तर त्यात गुण खाली गेलेले! मुलं गणितात पुढे गेली नव्हती, त्या विशिष्ट प्रश्नपत्रिकेत तरबेज झाली होती. दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच घोकलेल्या आपल्यासारख्यांना हे पटायला वेळ लागू नये.

मग कायद्याने काहीच साधलं नाही का? थोडं साधलं. काही राज्यांत अशी उत्तरदायित्वाची व्यवस्था २००२ च्या आधीच होती, काहींत नव्हती. थॉमस डी आणि ब्रायन जेकब या अर्थतज्ज्ञांनी या दोन्हींची तुलना केली. चौथीच्या गणितात सुमारे ७ गुणांची खरी वाढ निघाली, वाचनात मात्र फरक दिसला नाही. ही वाढ खरी म्हणायची, कारण त्यांनी राज्यांच्या परीक्षा वापरल्याच नाहीत. वापरली ती केंद्राची पाहणी, म्हणजे नेप.

नेप १९६९ पासून चालू आहे आणि तिची रचना मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. ती सगळ्या मुलांची परीक्षा नाही. काही शाळा आणि त्यांतली काही मुलं नमुना म्हणून निवडतात. एका मुलाला सगळी प्रश्नपत्रिका मिळत नाही, तिचा एक तुकडाच मिळतो. हजारो मुलांचे असे तुकडे जुळवून राज्याचं आणि देशाचं चित्र काढलं जातं. कुठल्याही मुलाचा किंवा शाळेचा निकाल त्यातून जाहीर होत नाही. त्यामुळे कुणाची नोकरी जात नाही, कुणाला बक्षीस मिळत नाही आणि कुणी तिची घोकंपट्टीही करून घेत नाही. म्हणूनच तिच्यावर विसंबता येतं. मिसिसिपीचा ८९ चा आकडा तिनेच उघडा पाडला. पुढे त्या राज्याने निकष कडक केले, २०१३ साली वाचनाचा कायदा केला, शिक्षकांना वाचन शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं. चौथीच्या वाचनात २०१३ मध्ये देशाच्या बरंच मागे असलेलं मिसिसिपी २०१९ मध्ये बरोबरीला आलं आणि २०२४ मध्ये पुढे गेलं, हेही नेपनेच सांगितलं. वाचता न येणाऱ्या मुलांना तिसरीतच ठेवल्यामुळे चौथीचा आकडा किती सुधारला, यावर वाद आहे. पण तो वादसुद्धा विश्वासाचं माप आहे म्हणूनच घालता येतो.

डिसेंबर २०१५ मध्ये नवा कायदा आला. परीक्षा आणि गटवार निकाल राहिले. कारवाई कशी करायची हे मात्र राज्यांकडे गेलं. तळातल्या ५ टक्के शाळा शोधून त्यांना मदत करा, अशी चौकट केंद्राने ठेवली. बऱ्याच राज्यांनी प्रवीणतेच्या जोडीला मुलांची वर्षभरातली प्रगती आणि सततची गैरहजेरीही मोजायला घेतली. प्रगती मोजणं महत्त्वाचंच आहे. सरासरी गुण बरेचसे घरच्या परिस्थितीचे असतात. शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी शिकागोचे २००९ ते २०१४ चे निकाल पाहिले, तेव्हा तिथली मुलं पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकत होती. सरासरीच्या यादीत मात्र शिकागो खालीच दिसायचं. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात घर घेताना आपली मराठी कुटुंबंही शाळेचं रेटिंग आधी पाहतात. त्यात सरासरीचा भाग किती आणि प्रगतीचा किती, हे जरूर तपासावं.

केंद्राने शाळांना एका रेघेवरून शिक्षा करणं थांबवलं ते बरंच झालं. मोजायचं काम मात्र केंद्राचंच आहे. पन्नास राज्यांनी स्वतःची पन्नास मापं वापरून ते होणार नाही. म्हणून २०२५ मध्ये जे घडलं ते मला फार गंभीर वाटतं. मार्चमध्ये शिक्षण खात्यातली जवळपास निम्मी माणसं कमी झाली, आणि नेप चालवणाऱ्या शैक्षणिक सांख्यिकी केंद्रात बोटांवर मोजण्याइतकीच उरली. नेपची १७ वर्षांच्या मुलांची ठरलेली चाचणी रद्द झाली, पुढच्या काही वर्षांतल्या बऱ्याच विषयांच्या पाहण्या वेळापत्रकातून वगळल्या गेल्या. चौथी आणि आठवीचं वाचन-गणित कायद्यानेच बंधनकारक असल्यामुळे टिकून आहे. पण नमुना निवडायला, प्रश्न आधी वापरून पाहायला, तुकडे जुळवायला अनुभवी माणसं लागतात, आणि ही माणसं घडायला वर्षं लागतात. एखाद्या वर्षीची पाहणी बुडाली तर ती नंतर भरूनही काढता येत नाही, कारण ती मुलं तोवर पुढच्या इयत्तेत गेलेली असतात.