ग्रीनिचचा ओळंबा

लंडनच्या ग्रीनिच पार्कातली टेकडी चढून वेधशाळेच्या अंगणात शिरलं, की आधी दिसते ती फोटोसाठीची रांग. शून्य रेखांशाची खूण म्हणून फरशीत बसवलेल्या धातूच्या पट्टीवर एक पाय पूर्व गोलार्धात, दुसरा पश्चिम गोलार्धात! मीही तशी उभी राहिले आणि फोनवर रेखांश पाहिले. शून्य नव्हतं. पट्टीच्या जागी आकडा येतो ५ विकला पश्चिम (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). फोनचं शून्य हवं असेल तर पूर्वेकडे सुमारे १०२ मीटर, थेट पार्कात जावं लागतं.

पट्टी चुकीची नाही आणि फोनही नाही. मला तर या टेकडीवरची सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

पट्टीची जागा ठरली ती इथले खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या दुर्बिणीवरून. १८५१ पासून वापरात आलेली ही दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण फिरते. एखादा तारा नेमका कोणत्या क्षणी डोक्यावरची ती रेषा ओलांडतो, एवढंच टिपायचं. पण त्यासाठी 'सरळ खाली' म्हणजे कुठे, हे आधी कळायला हवं. एअरींनी त्यासाठी परातीत पारा ठेवला. स्थिर पाऱ्याचा पृष्ठभाग ओळंब्याशी काटकोनात राहतो, म्हणून तो आरशासारखा वापरता येतो.

आता गवंड्याचा ओळंबा आठवा. गुरुत्वाकर्षण ओढेल तिकडे तो लोंबतो. जमिनीखालचं वस्तुमान सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे तो किंचित कलतो. ग्रीनिचला पूर्व-पश्चिम दिशेतला हा कल जेमतेम ३ विकलांचा आहे, म्हणजे एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. फोनला जागा सांगणारे उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, ओळंब्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांच्या शून्य रेखावृत्ताचं प्रतल, म्हणजे त्या रेषेतून पृथ्वीला कापणारी सपाट पातळी, त्या केंद्रातून जातं. एअरींचं प्रतल कललेल्या ओळंब्यावरून ठरलेलं, म्हणून ते त्याला समांतर, पण बाजूने जातं. दिशा तीच राहिल्यामुळे घड्याळं बिघडली नाहीत, जमिनीवरची रेघ तेवढी सरकली.

हा खटाटोप मुळात खलाशांसाठी होता. भर समुद्रात रेखांश कळेनात, म्हणून १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ही वेधशाळा स्थापली आणि खगोलशास्त्रज्ञ जॉन फ्लॅमस्टीड तिथे ताऱ्यांच्या नोंदी करू लागले. रेखांशाचे १५ अंश म्हणजे एक तास, हा हिशेब आपल्या मुंबईलाही लागू होता. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. १९०६ मध्ये साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ पुढे कित्येक दशकं सोडली नाही.

दुपारी एकच्या आत अंगणात पोचा. फ्लॅमस्टीड हाउसच्या छतावरचा लाल गोळा १२:५५ला अर्ध्यावर चढतो, १२:५८ला टोकाला जातो आणि ठोक्याला एक वाजता खाली येतो. १८३३ पासून थेम्सवरच्या जहाजांची घड्याळं त्यावर लावली जात. ठीक बाराला वेधकर्ते सूर्याचे वेध घेण्यात गुंतलेले असत, म्हणून एकची वेळ. गोळा उतरला की फोन हातात घेऊन पूर्वेकडे पार्कात चालायला लागा, आकडे शून्य होईपर्यंत.