बियाण्यावरचा हक्क : पार्श्वभूमी

१९६४ साली ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा भारतातला पहिला संकरित वाण आला आणि दर हंगामाला बी विकत घेण्याची सवय खरीप ज्वारीच्या पट्ट्यात रुजू लागली. त्याआधी खळ्यावर टपोरी कणसे निवडून, वाळवून, राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून बी राखले जाई. कमी पडले तर शेजारून सवाईने, म्हणजे सव्वापट परत करण्याच्या बोलीने, आणायचे. निवडीचे हे काम बहुतेक घरांत बायकांचे. संकरित बी राखून भागत नाही, पुढच्या पिढीत पीक एकसारखे येत नाही. उतारा वाढला खरा, पण ताटे बुटकी म्हणून कडबा कमी, आणि लवकर तयार झालेली कणसे पावसात सापडली की दाणे काळे पडत. रब्बीत मात्र मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्यांनी मालदांडी ही जुनी ज्वारी सोडली नाही.

१९६६च्या बियाणे कायद्याने शेतकऱ्याने स्वतःच्या जागेवर दुसऱ्याला पेरणीसाठी थेट दिलेले बी आपल्या कक्षेबाहेर ठेवले. खरा पेच १९९५नंतरचा. जागतिक व्यापार करारानुसार पिकांच्या वाणांना पेटंट तरी द्यायचे होते, नाहीतर स्वतःची परिणामकारक व्यवस्था तरी उभारायची होती. भारताने दुसरी वाट धरली. १९९९च्या विधेयकावर संयुक्त संसदीय समितीत खल झाला आणि २००१ साली वाण संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली दुसऱ्याच्या नावे नोंदलेल्या, वाणाचेही बी राखण्याची, पेरण्याची, देण्याघेण्याची आणि विकण्याचीही मुभा देते. वाण संरक्षणाचा १९९१चा आंतरराष्ट्रीय करार (यूपीओव्ही) यातले विकणे देत नाही. ते मिळवणे ही आपल्याकडच्या चळवळीची मोठी कमाई आहे.

वाद आहे तो त्याच कलमातल्या अटीचा. ‘ब्रँडेड’ बी विकता येणार नाही, म्हणजे पाकिटात भरून संरक्षित वाणाचे नाव लावता येणार नाही. ज्याने वाण घडवला त्याचे नाव वापरून कोणी धंदा करू नये, ही बाजू समजण्यासारखी आहे. पण घेणाऱ्यालाही वाण कोणता ते कळायला हवेच. नाव न सांगता विकण्याच्या हक्काला बाजारात किंमत किती उरते? लहान शेतकऱ्यांच्या गटांपुढे हा प्रश्न रोजचा आहे.

२०१९मध्ये गुजरातेत एका बहुराष्ट्रीय कंपनीने संरक्षित बटाटा लावल्याबद्दल शेतकऱ्यांवर भरपाईचे दावे लावले. शेतकऱ्यांची भिस्त कलम ३९वर होती. देशभर विरोध झाला, दावे मागे घेतले गेले. २०२१च्या डिसेंबरात त्या वाणाची नोंदणीच रद्द झाली; जानेवारी २०२४मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. कंपनीची नोंदणी टिकली. हक्काची हद्द कुठवर, याचा निवाडा त्यात झाला नाही.

याच कायद्याखाली गावरान वाणही शेतकऱ्यांच्या नावे नोंदवता येतात. अडचण वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य या कसोट्यांची आहे. गावरान वाणाच्या शेतात सगळी ताटे एका उंचीची नसतात. कमी पावसाच्या सालीही काही ना काही हाती लागते ते त्यामुळेच.