मोरचुदापासून मातीपर्यंत

सेंद्रिय शेतीत कृत्रिम बुरशीनाशके बाद आहेत, तरीही मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण बहुतेक ठिकाणी चालते. नव्याने या शेतीकडे वळलेला माणूस इथे अडखळतो, आणि त्याची शंका रास्त आहे. मोरचूद रसायन नाही का?

1845 मध्ये युरोपात बटाट्यावर करपा पसरला आणि आयर्लंडमध्ये दुष्काळ पडून सुमारे दहा लाख माणसे मेली. ओलाव्याने झाड आधी सडते आणि सडल्यावर त्यावर बुरशी येते, असे तेव्हाच्या बहुतेक जाणकारांना वाटे. 1861 मध्ये जर्मनीचे शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी प्रयोगाने हा क्रम उलटा करून दाखवला. रोगाचे कारण सापडले, पण करप्यावर औषध नव्हते. द्राक्षाच्या भुरी या बुरशीच्या रोगावर गंधक धुरळत असत, एवढेच.

औषध सापडले ते रस्त्याच्या कडेला. फ्रान्सच्या मेडॉक भागातले बागायतदार वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. 1882 च्या शरद ऋतूत केवडा या बुरशीसारख्या रोगाने बागांची पाने झडली होती. या निळसर वेली मात्र हिरव्या राहिल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी ते हेरले आणि 1885 मध्ये या बोर्डो मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. सेंद्रिय शेतीचे नियम लिहिले गेले तेव्हा तांबे आणि गंधक ही जुनी खनिजे म्हणून आत राहिली.

पण तांबे विघटित होत नाही. फवारलेले बरेचसे मातीतच साठते आणि गांडुळांना बाधते. म्हणूनच युरोपीय संघाने सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. मला हा निर्बंध योग्य वाटतो, कारण सेंद्रिय शेतीचा मूळ विचार फवाऱ्यातून आलेलाच नाही.

तो विचार अल्बर्ट हॉवर्ड यांचा. ते मुळात बुरशीशास्त्रज्ञ, म्हणजे रोग ओळखणे हे त्यांचे कामच. 1905 मध्ये ते भारतात आले आणि पुढे इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवताना त्यांचे मत पक्के झाले: रोग ही माती बिघडल्याची खूण आहे. त्यांचे सगळेच दावे टिकले नाहीत. सकस मातीतल्या बटाट्यालाही करपा होतो. मात्र मुळांच्या रोगांबाबत त्यांच्या म्हणण्यात बरेच तथ्य निघाले. 1932 मध्ये संशोधक वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा ही मातीतली बुरशी रायझोक्टोनियासारख्या रोगकारक बुरशीला विळखा घालून खाते, हे दाखवून दिले.

ट्रायकोडर्माला मातीत आधी जम बसवावा लागतो. मूळ सडल्यावर ती दिली तर फारसा उपयोग होत नाही, म्हणून लागवडीपूर्वीच कुजलेल्या शेणखतात मिसळून ती जमिनीत देतात.