ओम्नीला मोठी चाकं टाकायची? मग गाडी भरून बघू

आमच्या दुकानाबाहेर वाळूची आठ पोती कायम रचलेली दिसतील. बांधकाम चालू नाही. ती तुमच्या ओम्नीत भरायला ठेवलीत.

"१२ इंचाची काढून १३ ची डिस्क टाका, फक्त टायर घासायला नको," असं म्हणत गिऱ्हाईक येतं. डिस्क म्हणजे चाकाची रिम. चाकं बसतात, जागेवर स्टेअरिंग दोन्हीकडे फुल मारून बघतो, कुठं लागत नाही. खुशीत जातात. मग घरची सात-आठ माणसं घेऊन तुळजापूरला निघतात आणि मांजरसुंब्याच्या घाटातच खरखर सुरू. परत येऊन भांडण आमच्याशी! गाडी रिकामी बघितली, चूक तिथंच झाली. जुन्या ओम्नीचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आधीच बसलेले असतात, आणि पुढच्या दोघांचं वजन तर जवळपास चाकांवरच येतं. त्यामुळं आता आम्ही पोती भरल्याशिवाय चाक पास करत नाही. वेळ जातो म्हणून कुरकुर होते, होऊ द्या.

पोती भरली की मडगार्डाच्या आत खडू फासतो, गतिरोधकावरून आणि वळणावर एक चक्कर मारतो. खडू जिथं पुसला, तिथं टायर लागला. याचे पैसे घेत नाही.

मापाचं गणित सोपं आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, मधला म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, शेवटचा डिस्कचे इंच. मूळ १४५/८० आर १२ टायरची उंची सुमारे ५३७ मिलीमीटर. १३ च्या डिस्कवर १५५/६५ घातला तर ५३२, म्हणजे जवळपास तेवढाच. त्याच डिस्कवर १५५/८० घातला की ५७८. वर दोन सेंटीमीटर जागा गेली, मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४-६५ ने पळते, आणि ७९६ सीसीचं इंजिन चढाला धापा टाकतं. डिस्क तीच, खेळ मधल्या आकड्याचा. टायरवर मापाच्या पुढं छापलेला भाराचा आकडाही बघा: ७३ म्हणजे एका टायरवर ३६५ किलो, ७४ म्हणजे ३७५. माणसं वाहायची असतील तर मूळ टायरच्या आकड्याखाली आम्ही उतरत नाही, तुम्हीही उतरू नका.

जुन्या बाजारातून डिस्क घेऊन येऊ नका, आधी आम्हाला दाखवा. डिस्कचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्टची बैठक किती बाहेरच्या अंगाला आहे ते माप) कमी असला की चाक बाहेर येतं आणि मडगार्डाच्या कडेला लागतं. मग लोक म्हणतात, कड ठोकून द्या, नाहीतर स्पेसर (डिस्कच्या मागं बसवायची जाड चकती) टाका. कड ठोकली की रंग उडतो, पावसाळ्यात गंज धरतो. स्पेसर टाकला की चाक आणखी बाहेर जातं, बेअरिंगवर ताण येतो. ही दोन्ही कामं आमच्याकडं होत नाहीत. पाटे मात्र करून मिळतात, आणि बऱ्याच गाड्यांना मोठ्या चाकांच्या आधी तेच लागतात. डिस्क-टायर आमच्याकडून घेतले तर अलाइनमेंट-बॅलन्सिंग त्यातच.

माप बदलायच्या आधी विमावाल्यांना विचारून घ्या.

सकाळी लवकर या, आणि गाडी धुऊन आणा. काळ्या रानातला चिखल मडगार्डात थापलेला असला की खडू लागतच नाही.