मोला : कापलेलं कापड, बंदी आणि कायद्यातली सूट

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्याजवळच्या बेटांवरच्या गुना या आदिवासी समाजाच्या स्त्रिया झंपराला पुढून-मागून जे नक्षीचं कापड लावतात, ते मोला. पूर्वी अंगावर रंगवली जाणारी नक्षी व्यापाऱ्यांकडून कापड, कात्री आणि सुई मिळू लागल्यावर वस्त्रावर आली, असं सर्वसाधारणपणे मानतात.

काम गोधडीच्या उलट चालतं : तुकडा वर चढवायचा नाही, वरचं कापड कापून खालचा रंग उघडा करायचा. दोन-तीन सुती थर कच्च्या टाक्याने धरून ठेवतात. आखलेल्या रेघेवर थोडंसंच कापायचं, कड सुईच्या टोकाने आत सारायची, वरच्या कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक टाके घालायचे आणि मगच पुढे सरकायचं. सगळी नक्षी एकदम कापली तर सुतं सुटतात, थर सरकतात. आतल्या वळणावर कडेला बारीक चीर दिली नाही तर तिथे कापड ओढलं जातं. कृत्रिम धाग्याच्या कापडाची दुमड नीट बसत नाही.

सरकारने हा पोशाख आणि नथ उतरवण्याची सक्ती केली, तेव्हा फेब्रुवारी 1925 मध्ये गुनांनी उठाव केला. पोशाख टिकला आणि पुढे पर्यटकांच्या बाजारातही गेला.

मग नकलांचा प्रश्न आला. 1984 च्या कायद्याने मोलाची नक्कल करणाऱ्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. 2000 च्या 20 क्रमांकाच्या कायद्याने आदिवासी समूहांना त्यांच्या कलेवर सामूहिक हक्क दिला; नोंदणीला मुदत नाही. एरवी कॉपीराइटला ठरावीक कर्ता लागतो आणि मुदत संपते, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नक्षीला ते कसं लागू करणार? इथवर कायदा चोख आहे. पण त्याच कायद्यात चिरिकी प्रांतातल्या काही तालुक्यांत राहणाऱ्या बिगर-आदिवासी छोट्या कारागिरांना नोबे आणि बुगले या दुसऱ्या आदिवासी समूहांच्या कलेच्या प्रतिकृती करून विकण्याची सूट आहे. वस्तूवर ‘प्रतिकृती’ लिहायचं, अशी अट. पोटापाण्याचा विचार करून दिलेली सूट म्हणून तिचं समर्थन होतं. मात्र चिठ्ठी निघाली की अट संपली, आणि दुकानात उभं राहून तपासायचं गिऱ्हाइकानेच. मोला घेताना त्याने कापड उलटून पाहावं : मागे हाताचे टाके थोडे कमी-जास्त दिसतात, मशीनची शिवण सरळ, एकसारखी धावते.

देशाबाहेर हा कायदा तोकडा पडतो. 2019 मध्ये एका अमेरिकी कंपनीने मोलाची नक्षी बुटांवर घेतली, तीही पोर्तो रिको या कॅरिबियनमधल्या दुसऱ्याच बेटाच्या सन्मानार्थ म्हणून. गुनांनी जाहीर निषेध केल्यावर बूट बाजारात येण्याआधीच मागे घेतले गेले.